शैलाताई आणि सुरू न होणारी मशिनं

दुरुस्तीच्या दुकानाचं एक असतं. मशीन नीट होऊन मालकाबरोबर घरी जातं, पण त्याचा किस्सा मागं राहतो. शाहूपुरीतल्या आमच्या दुकानात मुळात जागा कमी. खाली जुनी कॅबिनेटं, वर केबलींची पोती आणि उरलेल्या जागेत हे किस्से. संध्याकाळी मित्र येऊन बसतात आणि म्हणतात, "सांग की रं शैलाताईंचा एखादा." एखाद्यावर भागत नाही हे त्यांनाही माहीत असतं.

दुकान माझ्या नावावर आहे, पण लोक पत्ता विचारताना "शैलाताईंचं दुकान कुठं?" असंच विचारतात. मी पण "हेच की" म्हणून मोकळा होतो. मी काउंटरवर, ताई आत बेंचवर, अशी आमची वाटणी आहे.

आमच्याकडं येणाऱ्या मशिनांत एक खास जात आहे. कंपनीनं प्रोसेसरला एक वेग ठरवून दिलेला असतो. तो आपल्या हातानं वाढवून मशीन जास्त पळवायचं, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. जमलं तर मशीन नुसतं सुटतं. नाही जमलं तर पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी ती काळीच. मग मालक कॅबिनेट काखेत मारून आमच्याकडं येतो आणि काउंटरवर ठेवता ठेवता म्हणतो, "काय केलं न्हाय ओ, आपोआप बंद पडलं."

आमच्या दुकानात हे वाक्य सगळ्यात आधी मी बोललोय.

*

ताई आधी एका टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होत्या, चौदा वर्षं. पुढं लोकांनी टीव्ही दुरुस्त करून घेणंच सोडलं, ते दुकान बंद झालं, आणि एका दुपारी ताई पर्समध्ये स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आमच्या दारात आल्या. काम पाहिजे म्हणाल्या. कॉम्प्युटरचं काय येतं, असं मी विचारलं.

"टीव्हीचं येतंय. ह्ये बी विजेवरच चालतंय की."

माझं डिस्प्लेचं मशीन तेव्हा तीन दिवस बंद होतं. गिऱ्हाइकावर छाप पडावी म्हणून मी त्याचा वेग वाढवला होता आणि ते काळं पडलं होतं. पॉवर सप्लाय बदलून झाला, रॅम बदलून झाली, ग्राफिक्स कार्ड बदलून झालं. मदरबोर्डच गेला असं मी धरून चाललो होतो. म्हटलं, हीच परीक्षा. मशीन ताईंपुढं ठेवलं.

झाकण उघडायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "बंद पडायच्या आधी शेवटचं काय केलासा?"

"काय नाही," मी म्हणालो. नोकरी मागायला आलेल्या बाईपुढं कोण कबूल करणार?

"काय न्हाय केलं, तर बंद का पडलं?"

मग मी सगळं सांगितलं. वेग किती चढवला, व्होल्टेज किती दिलं, ते सगळं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बोर्डाबरोबर आलेलं पुस्तक मागितलं. पुस्तक शोधायलाच मला दहा मिनिटं लागली. ते खोक्यात तळाला होतं, कोरं करकरीत. ताई ओळीखाली बोट धरून दोन पानं वाचत बसल्या. मग प्लग काढला, पॉवरचं बटण दाबून धरलं आणि बोर्डावरचा तो रुपयाएवढा सेल नखानं उचकटून तळहातावर घेतला. आपण बदललेली सेटिंग बोर्डाला या सेलच्या जिवावर लक्षात राहते. सेल काढला की बोर्ड ती विसरतो आणि परत कंपनीच्या वेगावर येतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. तीन दिवसांत सुचलं नव्हतं, एवढंच.

थोड्या वेळानं सेल परत बसवला, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळली.

ताईंनी पर्स उचलली. "उद्या किती वाजता येऊ?"

*

लग्नाचे व्हिडिओ करणारे एक सुतार म्हणून आहेत. माणूस कामाला वाघ, पण धीर नावाचा पार्ट कंपनीनं बसवलेलाच नाही. एकदा सकाळी कॅबिनेट घेऊन आले तेव्हा चेहरा पांढराफटक पडलेला. दुसऱ्या दिवशी एका लग्नाचं रिसेप्शन, तिथं फिल्म दाखवायची होती, आणि सगळं चित्रीकरण त्याच मशिनात. आमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी त्यांनी रॅमचा वेग वाढवला होता. तेव्हापासून मशीन काही दाखवत नव्हतं. नवरीचा बाप दर अर्ध्या तासानं फोन करत होता.

ताईंनी विचारलं, सुरू केल्यावर किती वेळ थांबता? सुतार म्हणाले, अर्धा मिनिट. मग बंद करतो, परत लावतो. काल संध्याकाळपासून हेच चाललंय.

नव्या बोर्डांचं असं असतं की रॅमचा वेग बदलला की पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड ती रॅम तपासत बसतो. काही मिनिटं स्क्रीनवर काहीच येत नाही. मधेच बंद केलं की तपासणी पुन्हा पहिल्यापासून. ताईंनी हे समजावून सांगितलं. सुतारांनी मान डोलावली, मशीन सुरू झालं, आणि चाळीस सेकंदांत त्यांचा हात बटणाकडं गेला. ताईंनी परत सांगितलं, परत मान डोलली, परत हात गेला.

तिसऱ्यांदा ताईंनी कॅबिनेट स्वतःकडं वळवून घेतलं, आत हात घालून काहीतरी केलं आणि मशीन सुरू करून सुतारांपुढं ठेवलं. म्हणाल्या, आता तुमची मर्जी. सुतारांनी दोन मिनिटांनी बटण दाबलं. पंखे फिरतच राहिले. चार मिनिटांनी दाबलं, काही झालं नाही. मग दाबून धरलं. तरी नाही. सातव्या मिनिटाला, त्यांचं बोट बटणावरच असताना, स्क्रीन आली.

सुतारांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "बगितलं? दाबत ऱ्हायलं की हुतंय."

"व्हय की," ताई म्हणाल्या. फिल्म दाखवून झाली, तिसऱ्या दिवशी सुतार पेढे घेऊन आले, तेव्हा ताईंनी कॅबिनेट परत घेऊन यायला सांगितलं. बटणाची वायर अजून बोर्डाला जोडायची राहिली होती. दोन दिवस सुतारांनी मशीन बंदच केलं नव्हतं, भीतीनं. घरी नेलं तेही आमच्या यूपीएसवर, चालूच ठेवून.

*

एका इंजिनिअरिंग कॉलेजातले एक प्राध्यापक आले होते. बरोबर त्यांचे विभागप्रमुख. प्राध्यापकांनी कॉलेजच्या मशिनाचं ओव्हरक्लॉकिंग स्वतः केलं होतं, वहीत सगळे आकडे सुवाच्य अक्षरात लिहिले होते, आणि तरी मशीन सुरू होऊन मिनिटाभरात बंद पडत होतं. साहेब तिथंच उभे राहून घड्याळ बघत होते. "तुम्हाला जमत नव्हतं तर आधीच बाहेर द्यायचं," हे त्यांनी प्राध्यापकांना माझ्यासमोर दोनदा ऐकवलं होतं.

ताईंनी प्रोसेसरवरचा कूलर काढला. मी शेजारीच उभा होतो म्हणून मला दिसलं. कूलरच्या तळाला कंपनीचं पातळ प्लास्टिक तसंच होतं. बसवायच्या आधी ते सोलून काढायचं असतं, त्यावर लिहिलेलंही असतं. ते राहिलं की उष्णता कूलरपर्यंत नीट पोहोचत नाही आणि प्रोसेसर तापून बंद पडतो.

ताईंनी ते प्लास्टिक सोललं, मुठीत चुरगाळलं आणि ॲप्रनच्या खिशात टाकलं. मग प्रोसेसरची उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट नवी लावून कूलर बसवला. मशीन चालू झालं, तासभर चाललं.

साहेबांनी विचारलं, काय झालं होतं?

"पेस्ट वाळलीती," ताई म्हणाल्या. "सरांचं आकडं बरोबर हायत सगळं. वही जपून ठेवा म्हणावं."

महिन्याभरानं प्राध्यापक एकटेच आले. दुसऱ्या मशिनाला नवा कूलर बसवताना त्यांना ते प्लास्टिक दिसलं होतं. हळू आवाजात विचारलं, "ताई, त्या दिवशी पेस्टबरोबर आणखी काही काढलं होतंत का?"

"मला न्हाय आठवत," ताई म्हणाल्या आणि हातातल्या बोर्डावर फुंकर मारत बसल्या.

*

पन्हाळ्याचा रणजित घरांचे थ्रीडी नकाशे करतो. पहाटे उठून काम करायची सवय. थंडी सुरू झाली आणि त्याचं मशीन सकाळी सुरू होईना. गाडीत घालून आमच्याकडं आणायचा, दहा वाजता काउंटरवर ठेवायचा, आणि मी बटण दाबलं की पहिल्या फटक्यात सुरू. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी मी जरा हसलो असेन. जाताना तो म्हणाला की घरात बायको पण असंच हसते. तिचं म्हणणं, ह्याला काम नको असतंय म्हणून मशिनीचं निमित्त.

ताई आतून बाहेर आल्या. "उद्या घरीच ठेवा मशीन. मी येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पहिल्या एसटीनं शाल गुंडाळून बाई पन्हाळ्याला गेल्या. पुढचं मला रणजितनं सांगितलेलं. खिडकीबाहेर धुकं, टेबलावर मशीन दगडासारखं गार. बटण दाबलं, स्क्रीन काळी. परत दाबलं, काळीच. ताईंनी त्याच्या बायकोला विचारलं, केस वाळवायचं मशीन हाय का? तिनं आणून दिलं. ताईंनी कॅबिनेटचं झाकण काढून रॅमवर लांबूनच गरम हवा सोडली, बेतानं, अंगाला सोसेल एवढीच. बटण दाबलं आणि मशीन सुरू.

रॅमचा वेग अगदी काठावर ठेवला होता. ऊब असली की जमायचं, गारठ्यात नाही. आमच्याकडं येईपर्यंत घाट उतरून, उन्हात गाडीत बसून मशीन उबदार झालेलं असायचं. ताईंनी वेग एक पायरी खाली आणला. मग खिडक्या उघडून मशीन परत गार होईपर्यंत तिथंच बसून राहिल्या. गार मशीन स्वतःच्या बोटानं सुरू करून बघितलं आणि मगच चहा घेतला.

बायको नवऱ्याकडं बघत म्हणाली, "म्हंजे ह्ये खरं सांगत हुतं."

रणजितनं ताईंना एकच विनंती केली, एवढं लिहून द्या. ताईंनी बिलाच्या मागं लिहिलं, 'मशीन खरोखरच थंडीमुळे सुरू होत नव्हते,' आणि खाली सही केली. तो कागद त्यानं कॅबिनेटवर चिकटवलाय. मी बघून आलोय.

*

ताईंच्या हातून कधी चुकत नाही, असं मी सांगत नाही. एकदा चुकलं, आणि ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

शिरोलीच्या एका फाउंड्रीत जाधव म्हणून डिझायनर आहेत. साच्यात वितळलेलं लोखंड कसं पसरेल ते कॉम्प्युटरवर आधी बघायचं, हे त्यांचं काम. वेग वाढवून द्या म्हणाले. ताईंची पद्धत अशी, एक पायरी चढवायची, सुरू होतंय का बघायचं, तासभर पूर्ण ताण देऊन चालवायचं, मग पुढची पायरी. पाचव्या पायरीला मशीन सुरू होईना. थोडं व्होल्टेज वाढवलं, सुरू झालं. टेस्ट लावून आम्ही जेवायला बसलो. जेवून आलो तर मशीन बंद. सेल काढला, सगळं करून बघितलं. प्रोसेसर गेला होता.

ताई बराच वेळ स्वतःच्या चिठोऱ्याकडं बघत होत्या. व्होल्टेज एक पॉइंट पस्तीस लिहायचं होतं. एक पॉइंट त्रेपन्न लिहिलं होतं, आणि तेच मशिनात घातलं होतं.

मी म्हणालो, जाधवांना सांगू की चिपच कच्ची होती. असतात काही कच्च्या. त्यांना कुठं कळणार आहे? हे मी बोललो, ते आज कबूल करतो. ताईंनी फोन उचलला आणि जाधवांना बोलावून घेतलं.

जाधव आले. ताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्या हातनं गेलं. आकडं उलटं घातलं मी."

जाधव म्हणाले, "मला न सांगता दुसरा बसवता आला असता की."

"व्हय."

"मग?"

"मग उद्या मी काय बी सांगितलं, तर तुमी ते खरं कशावरनं धरायचं?"

त्याच जातीचा प्रोसेसर ताईंच्या घरच्या मशिनात होता. संध्याकाळी त्या तो काढून घेऊन आल्या आणि जाधवांच्या बोर्डात बसवला. महिनाभर त्यांच्या घरचं मशीन रिकामं उभं होतं. मला माझ्या बोलण्याची इतकी लाज वाटली की मी चार दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोललो.

जाधव निघताना दारात थांबले. म्हणाले, "आमच्या फाउंड्रीत रोज काय ना काय फुटतंय, बाई. माझ्या हातनं फुटलं म्हणणारा मला अजून एक गावला न्हवता." पुढच्या आठवड्यात फाउंड्रीतली सगळी मशिनं आमच्याकडं यायला लागली.

*

आता गणपतआण्णांचं सांगतो.

आण्णा मंगळवार पेठेत राहतात. जन्मापासून दिसत नाही. पोवाडे, गोंधळ, भजनं यांची रेकॉर्डिंग करतात आणि आवाजातली खरखर काढून साफ करतात. तालुक्या-तालुक्यांतले म्हातारे शाहीर त्यांच्याकडं येऊन गाऊन जातात. काहींचा आवाज आता फक्त आण्णांच्या मशिनातच उरलाय. कॉम्प्युटर त्यांना स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतो, ते ऐकून ते कीबोर्डवर काम करतात. हात इतका चालतो की बघत राहावं.

काम जड झालं म्हणून त्यांच्या भाच्यानं मशिनाचा वेग वाढवून दिला आणि तो पुण्याला निघून गेला. मग एक दिवस लाइट गेली, आली, आणि मशीन गप्प झालं. आण्णा कॅबिनेट मांडीवर घेऊन रिक्षानं आमच्याकडं आले. पंखे फिरत्यात, पण बोलत न्हाय म्हणाले. आत शंभरावर गाणी होती.

ताईंनी स्क्रीन जोडली आणि बटण दाबलं. स्क्रीनवर सरळ ओळ आली की ओव्हरक्लॉकिंग फसलंय, पुढं जायला अमुक बटण दाबा. मशीन ठणठणीत होतं. फक्त कुणीतरी बटण दाबायची वाट बघत थांबलं होतं. बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर तोवर सुरूच झालेलं नसतं, त्यामुळं आण्णांच्या लेखी मशीन मेलेलं.

मी म्हणालो, सोपं आहे, वेग पहिल्यासारखा करून देऊ, परत नको ते ओव्हरक्लॉकिंग. आण्णांनी मान हलवली. म्हणाले, लाइट तर आमच्या गल्लीत रोज जाते. परत असं झालं की परत रिक्षा करायची का? आणि वेग पाहिजे मला. शाहीर समोर बसलेला असताना मशीन अडखळलं तर तो परत तसा गात नाही.

ताईंनी खुर्ची ओढली. "बसा आण्णा. आपण दोगं मिळून करू."

आधी त्यांनी भाच्यानं लावलेला वेग काढून, मशिनाला सोसेल असा वेग शोधला. दोन दुपारी त्यातच गेल्या. तो वेग बोर्डातच साठवून ठेवता येतो, तसा ठेवला. मग बोर्डावर एक छोटा स्पीकर बसवला. मशीन नीट सुरू झालं की तो एकदाच वाजतो. मग मशीन अडकलं की तो साठवलेला वेग परत कसा लावायचा, ते शिकवायला बसल्या. कुठलं बटण, किती वेळा खाली, कुठं एंटर. ताई स्क्रीन बघून बोलायच्या, आण्णा दाबायचे. एकूण चौदा दाब होते. एक चुकला की भलतीकडं. आण्णांनी ते तालात बसवले. तिसऱ्या दिवशी बेंचशेजारी नुसती बोटं वाजवत होते आणि ओठ हलत होते. ताईंनी मुद्दाम मशीन अडकवायचं आणि आण्णांनी सोडवायचं, असं कितीदा झालं मी मोजलं नाही.

दोन-तीन महिने गेले. मग एका सकाळी आण्णांचा फोन आला. लाइट जाऊन आलीय, मशीन गप्प झालंय, आणि दहा वाजता राधानगरीकडनं एक म्हातारे शाहीर गायला यायचेत. तुम्ही काही करू नका, फक्त शेजारी येऊन बसा म्हणाले. ताईंना मी गाडीवरनं घेऊन गेलो.

खोलीत आण्णा एका कानाला हेडफोन लावून टेबलापाशी बसले होते. बाजूला सतरंजीवर ते शाहीर डफ मांडीवर घेऊन, लवकर येऊन बसलेले. ताई टेबलाजवळ गेल्या आणि इकडंतिकडं बघायला लागल्या.

"आण्णा, स्क्रीन कुठाय?"

"दिली की पुतणीला, अभ्यासाला. मला काय करायची हाय ती?"

ताईंनी माझ्याकडं बघितलं. स्क्रीन आणायला परत शाहूपुरीत जायचं तर अर्धा तास मोडला असता. मी गाडीची किल्ली काढली. त्यांनी हातानंच मला थांबवलं, खुर्ची ओढून आण्णांच्या शेजारी बसल्या, चष्मा काढून पदरात धरला आणि डोळे मिटून घेतले.

"करा सुरू," म्हणाल्या.

आण्णांनी बटण दाबलं. पंखे फिरले. आण्णा थांबले, मग बोटं चालली. एक, दोन, मधे जरा थांबून तीन सलग. शाहिरांनी डफावरचा हात उचलून धरला होता. चौदावा दाब झाला आणि खोलीत कुणी हललं नाही. मग स्पीकर एकदा वाजला. त्यानंतर परत शांत; मशीन बोलायला लागलं तरी ते आण्णांच्या हेडफोनमध्येच ऐकू येणार होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक.

ताईंनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी आण्णांना विचारलं, "आलं का?"

"आलं," आण्णा म्हणाले.